आईबाबांचं एकटं फिरणं बंद करण्याआधी त्यांचे डोळे तपासून घ्या

आपल्याकडे नागपुरात काय होतं, घरातलं मोठं माणूस एकदा कुठे अडखळलं की सगळे सुरू होतात, आता एकट्यानं बर्डीला जायचं नाही, टेकडी गणपतीला आम्ही गाडीनं नेऊ, संध्याकाळचं फिरणं बंद. काठी येते, बाथरूममध्ये दांडा लागतो, गुडघ्याच्या डॉक्टरला दाखवून होतं, पण डोळ्यांकडे कोणी पाहत नाही, काहून की "चष्मा तर आहे ना त्यांना". तो चष्मा कधीचा आहे ते एकदा विचारा, बहुतेक वेळा चार-पाच वर्षं जुना निघतो.

माझं म्हणणं एवढंच आहे की फिरणं बंद करायचं ठरवण्याआधी डोळ्यांची पूर्ण तपासणी करा. साठी-सत्तरीनंतर जी नजर कमी होते त्यातली बरीचशी परत मिळते, कधी नुसत्या नवीन चष्म्यानं, कधी मोतीबिंदू काढून. पण माणूस एकदा घरात बसला की पायातली ताकद जाते, हिंमत जाते, आणि ती परत आणणं चष्मा बदलण्याइतकं सोपं नाही.

डोळे आणि पाय यांचा संबंध काय असं कोणी विचारेल तर सांगते. चालताना आपला तोल तीन गोष्टी सांभाळतात, कानाच्या आतला भाग, तळपायाला होणारी जमिनीची जाणीव, आणि डोळे. वय वाढलं की पहिल्या दोन हळूहळू कमजोर होतात, शुगर असेल तर तळपाय बधिर होतात, मग सगळा भार डोळ्यांवर येतो. आणि नेमका तेव्हाच डोळ्यात प्रकाश कमी पोचून राहिला असतो, बाहुली लहान होते, भिंग पिवळसर होतं, साठीच्या माणसाच्या डोळ्याच्या मागच्या पडद्यावर विशीतल्या पोराच्या साधारण एक तृतीयांशच प्रकाश पडतो. म्हणजे तुम्हाला जी खोली नीट उजेडाची वाटते ती त्यांना अंधारीच वाटत असते.

काय काय सोडलं ते बघा

मोठी माणसं "मला दिसत नाही" असं सांगत नाहीत. त्यांना वाटतं वय झालं, असंच असतं, किंवा पोरांना खर्चात कशाला टाकायचं. ते एकेक गोष्ट गुपचूप सोडून देतात. पेपर नुसता चाळून ठेवतात. सुईदोरा शेजारणीच्या पोरीकडे जातो. तांदूळ निवडताना खडे राहायला लागतात. संध्याकाळी सातनंतर बाहेर पडायचं म्हटलं की "आज थकलो" असं ऐकू येतं. ओळखीचा माणूस समोरून गेला तरी नमस्कार नाही, लोक म्हणतात आजी गर्विष्ठ झाल्या. जिना उतरताना पायानं पायरी चाचपतात. चहा कपाच्या बाहेर सांडतो. दवाईचे पत्ते रंगावरून ओळखतात, नावावरून नाही, आणि कंपनी बदलली की गोळी चुकते. यातल्या दोन-तीन गोष्टी जरी घरात दिसून राहिल्या तरी वाट पाहू नका.

एक खूण मुद्दाम सांगते कारण ती सगळ्यांना आनंदाची वाटते. वर्षानुवर्षं जवळचा चष्मा लावणारे काका अचानक म्हणतात, मला आता चष्म्याशिवाय वाचता येते, नजर सुधारली माझी. घरात पेढे वाटायचेच बाकी असतात. पण मोतीबिंदूचा एक प्रकार असा असतो की त्यात भिंग मधोमध घट्ट होत जातं, त्यामुळे डोळ्याचा नंबर मायनसकडे सरकतो, जवळचं काही महिने बरं दिसतं आणि दूरचं बिघडत जातं. तेव्हा तपासून घ्या.

घरी एक साधी टेस्ट करता येते. भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर नेहमीच्या जागी बसवा, नेहमीचा चष्मा लावून आधी एक डोळा झाकून वाचायला सांगा, मग दुसरा. दोन्ही डोळे उघडे असताना चांगला डोळा वाईट डोळ्याला झाकून घेतो, त्यामुळे एक डोळा जवळजवळ गेलेला असूनही माणसाला कळत नाही असं पुष्कळदा होतं. तसंच एकेका डोळ्यानं खिडकीच्या ग्रिलच्या सरळ सळया पाहायला सांगा, सळई मध्येच वाकडी, लाटेसारखी दिसली किंवा मधला तुकडा गायब वाटला तर पडद्याचा त्रास असू शकतो, मग त्याच आठवड्यात डॉक्टर गाठा.

तपासणीला जाताना

चष्म्याच्या दुकानातल्या मशिनवर नंबर निघतो, पण नंबर म्हणजे डोळ्यांची तपासणी नाही. साठीनंतर वर्षातून एकदा डोळ्यांच्या डॉक्टरकडे तीन गोष्टी व्हायला पाहिजेत, नंबर, डोळ्याचा दाब, आणि बाहुली मोठी करून मागच्या पडद्याची तपासणी. शुगर असेल तर पडद्याची तपासणी दरवर्षी हवीच, दिसायला एकदम क्लिअर असलं तरी, कारण शुगरनं पडद्यावर परिणाम होतो तेव्हा सुरुवातीला काहीच जाणवत नाही, जाणवतं तेव्हा बरंच नुकसान झालेलं असतं. आईच्या किंवा वडिलांच्या भावाबहिणींत कोणाला काचबिंदू (हळूहळू नजर कायमची नेणारा डोळ्याचा आजार) असेल तर तेही डॉक्टरला सांगा.

धंतोली-रामदासपेठेत डोळ्यांचे दवाखाने भरपूर आहेत, सरकारीत जायचं तर मेडिकल आहे, मेयो आहे, मिहानमध्ये एम्स आहे. सरकारीत जाल तर सकाळी लवकर निघा, सोबत पाणी आणि खायला काही ठेवा, शुगरवाल्यांना लाइनमध्ये उपाशी ठेवू नका. सोबत काय न्यायचं, तर जुने सगळे चष्मे, चालू दवाया (नुसती नावं आठवत बसू नका, पिशवीच उचला), आणि शुगर-बीपीचे अलीकडचे रिपोर्ट. बाहुली मोठी करायचं औषध टाकल्यावर चार-सहा तास धूसर दिसतं आणि उजेड सहन होत नाही, म्हणून बाबांना स्वतःची स्कूटर घेऊन जाऊ देऊ नका, कोणीतरी सोबत जा, आणि गॉगल न्या, मे महिन्यात दुपारी दोन वाजता दवाखान्याबाहेर मोठ्या बाहुलीनं उभं राहणं म्हणजे शिक्षा आहे.

आणि डॉक्टरला नुसतं "दिसत नाही" सांगू नका, काय करता येत नाही ते सांगा. "रात्री समोरच्या गाडीचा लाइट पडला की मला काहीच दिसत नाही, म्हणून मी फिरणं सोडलं" हे वाक्य फार कामाचं आहे, कारण बोर्डावरची अक्षरं काही मोतीबिंदूवाल्यांना बरी वाचता येतात पण झगमगाटात आणि अंधुक उजेडात त्यांचं काम पूर्ण अडते.

मोतीबिंदूबद्दल

यावर जरा जास्त बोलते, कारण सगळ्यात जास्त वेळ इथेच वाया जातो. आपल्याकडे अजूनही चालू आहे की मोतीबिंदू "पिकू द्या". पूर्वी तसं करावं लागायचं, आता नाही. आता फेकोनं करतात, छोट्याशा छेदातून खराब भिंग फोडून काढतात आणि घडी केलेलं नवीन भिंग आत बसवतात, बहुतेकांना नुसते थेंब टाकून किंवा डोळ्याजवळ भूल देऊन होतं, त्याच दिवशी घरी. उलट फार पिकवला तर तो टणक होतो, ऑपरेशन अवघड होतं, आणि कधी कधी डोळ्याचा दाब वाढून लाल डोळा घेऊन पळावं लागतं. कधी करायचं याचं उत्तर सरळ आहे, रोजच्या कामात आणि फिरण्यात अडचण यायला लागली की करायचं.

दुसरी नागपूरची खास समजूत म्हणजे उन्हाळ्यात डोळ्याचं ऑपरेशन नको, थंडीत करू. मग दिवाळी जाते, मग लग्न असतं, मग संक्रांत, आणि परत मार्च लागतो. आताच्या ऑपरेशनला ऋतूचं काही बंधन नाही. घाम आणि धूळ सांभाळायची, दुपारी बाहेर नाही पडायचं, झालं. थांबण्याची किंमत पडण्यात मोजावी लागते. इंग्लंडमध्ये नॉटिंगहमला ७० वर्षांवरच्या बायकांचा एक अभ्यास झाला होता, २००५ मध्ये छापून आला, त्यात पहिल्या डोळ्याचं ऑपरेशन लवकर झालेल्या बायकांचं पडण्याचं प्रमाण वाट पाहणाऱ्यांपेक्षा ३४ टक्क्यांनी कमी निघालं.

ऑपरेशनआधी डॉक्टरला दोन गोष्टी आठवणीनं सांगा. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, आणि बाबांना प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिनसारखी गोळी चालू आहे किंवा आधी कधी होती का. त्या गोळीनं बाहुली ऑपरेशनच्या वेळी नीट मोठी राहत नाही, डॉक्टरला आधी माहीत असलं तर ते तयारीनं करतात. पण गोळ्या आपल्या मनानं बंद करू नका.

लेन्स कोणती हा प्रश्न येतोच. महाग म्हणजे जास्त चांगली असं डोक्यात असतं. साधी मोनोफोकल लेन्स दूरचं उत्तम दाखवते, वाचायला चष्मा लागतो. मल्टिफोकलनं चष्मा कमी लागतो पण रात्री दिव्यांभोवती वलयं दिसू शकतात आणि कमी उजेडात थोडं फिकं दिसतं, आणि काचबिंदू किंवा पडद्याचा त्रास असेल तर सहसा देत नाहीत. ज्यांना पहाटे अंधारात अंबाझरीला फिरायला जायचं असतं त्यांना मी साधीच सुचवते, पण डॉक्टरशी बोलून ठरवा.

नंतर थेंब वेळेवर, डोळा चोळायचा नाही, सांगतील तितके दिवस डोक्यावरून आंघोळ नाही, रात्री झोपताना कव्हर. एका डोळ्याचं झालं आणि दुसऱ्याचं बाकी आहे या मधल्या काळात दोन डोळ्यांना वेगवेगळं दिसतं, पायरीचा अंदाज चुकतो, तेव्हा त्या दिवसांत जिन्यावर हात धरा आणि दुसरा डोळा उगाच वर्षभर लांबवू नका. काही महिन्यांनी किंवा वर्षा-दोन वर्षांनी परत धूसर वाटलं तर घाबरू नका, मोतीबिंदू परत येत नाही, लेन्समागची पातळ पिशवी गढूळ होते आणि ती लेझरनं काही मिनिटांत साफ करतात.

काचबिंदू मात्र वेगळा. त्यात गेलेली नजर परत येत नाही, कडेची नजर आधी जाते, माणूस दाराच्या चौकटीला धडकतो, बाजूनं आलेली सायकल दिसत नाही, तरी समोरचं वाचता येतं म्हणून कोणाला शंका येत नाही. थेंब आयुष्यभर टाकावे लागतात, "आता बरं आहे" म्हणून बंद करायचे नसतात. थेंब टाकायची पण पद्धत आहे, खालची पापणी हलकी ओढून एकच थेंब, मग डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटानं मिनिट-दोन मिनिटं दाबून ठेवायचा. दोन वेगळी औषधं असतील तर मध्ये पाच मिनिटं जाऊ द्या. आणि मेडिकल स्टोअरमधून आपल्या मनानं "लाल डोळ्याचा ड्रॉप" आणून महिनोन्महिने टाकू नका, त्यात स्टिरॉइड असेल तर त्यानंच दाब वाढतो आणि मोतीबिंदूही होतो. मध, गुलाबजल, कांद्याचा रस, यातलं काहीच डोळ्यात नको.

चष्म्याची गोष्ट

हे फार कोणी सांगत नाही. बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह चष्म्याचा खालचा भाग वाचायला असतो, जिना उतरताना आपण खाली पाहतो तेव्हा नजर नेमकी त्याच भागातून जाते आणि दोन-तीन फुटांवरची पायरी धूसर दिसते. म्हणून जी माणसं रोज बाहेर फिरतात त्यांच्यासाठी चालायला नुसता दूरचा एक नंबरचा चष्मा वेगळा करून घ्या. ज्यांचं बाहेर जाणं जवळजवळ नाहीच त्यांना दोन चष्म्यांचा गोंधळ होतो, त्यांचं आहे तेच राहू द्या.

नंबर खूप बदलला असेल तर एकदम पूर्ण नवीन नंबर देण्याऐवजी टप्प्याटप्प्यानं बदलता येईल का हे विचारा. नवीन चष्मा लागल्यावर जमीन वरखाली वाटते, पहिले काही दिवस घरातच लावून फिरू द्या, लगेच महालच्या गल्लीत नको.

चष्म्यासाठी पैशाची अडचण असेल तर राज्य सरकारची मुख्यमंत्री वयोश्री योजना आहे, ६५ वर्षांवरच्या, वार्षिक कौटुंबिक उत्पन्न २ लाखांच्या आत असलेल्यांना चष्मा, काठी, कानाचं मशीन अशा गोष्टींसाठी एकदा ३००० रुपये खात्यात मिळतात, समाजकल्याण विभागात चौकशी करा. आणि ७० वर्षांवरच्या सगळ्यांसाठी आयुष्मानचं कार्ड २०२४ पासून उत्पन्न न पाहता निघते, ऑपरेशनआधी त्या दवाखान्यात ते चालतं का एवढं विचारून घ्या.

घरात काय बदलायचं

मोठा खर्च नाही. पलंगापासून संडासापर्यंतच्या वाटेवर रात्रभर छोटा लाइट ठेवा, खाली, पायाजवळ, सेन्सरवाला मिळाला तर उत्तम. जिन्यात वर आणि खाली दोन्हीकडे बटण हवं. एकच उघडा झगझगीत बल्ब नको, त्याचा उजेड डोळ्यात घुसतो, दोन-तीन झाकलेले लाइट बरे.

मग रंग. जुन्या मोझॅक फरशीवर किंवा कोट्याच्या जिन्यावर पायरीची कड दिसतच नाही, सगळं एकाच रंगाचं. प्रत्येक पायरीच्या कडेला दोन इंची पिवळी खरखरीत टेप लावा, हार्डवेअरच्या दुकानात मिळते, सगळ्यात आधी पहिल्या आणि शेवटच्या पायरीला, पाय तिथेच चुकतो. पांढऱ्या टाइल्सच्या बाथरूममध्ये पांढरा मग आणि पांढरी बादली काय कामाची, निळी-लाल घ्या. भात पांढऱ्या प्लेटमध्ये वाढू नका, स्टीलच्या ताटात किंवा गडद प्लेटमध्ये वाढा, आईचं निम्मं जेवण ताटात राहायचं ते भूक नाही म्हणून असं आम्हाला वाटायचं, हिरव्या ताटलीत वाढायला लागलो तर ती सगळं संपवते. गॅसच्या बटणावर "बंद" कुठे आहे तिथे गडद नेलपॉलिशचा ठिपका द्या.

आणि कूलर. उन्हाळा लागला की आपल्या प्रत्येक घरात खिडकीला कूलर लागतो, खिडकीचा उजेड जातो, वायर खोलीच्या मधून येते, पाण्याचा पाइप आडवा, खाली थोडं पाणी सांडलेलं. मार्चमध्ये कूलर काढाल तेव्हाच वायर भिंतीकडेनं चिकटवून घ्या, त्या खोलीत एक लाइट वाढवा, आणि कूलरचा झोत थेट तोंडावर येणार नाही असा ठेवा, रात्रभर वाऱ्यानं डोळे कोरडे पडतात, सकाळी चुरचुरतात आणि सारखं पाणी येऊन धूसर दिसतं. अशा कोरड्या डोळ्यांसाठी डॉक्टर साधे अश्रूंसारखे थेंब देतात, त्यानंही बराच फरक पडतो.

बाहेर पडताना

आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा यूव्ही अडवणारा गॉगल आणि पुढे छज्जा असलेली टोपी घ्या. दुपट्टा डोक्याला आणि तोंडाला गुंडाळताना डोळ्यांच्या दोन्ही बाजू मोकळ्या राहतील असा बांधा, नाहीतर बाजूचं ट्रॅफिक दिसत नाही. उन्हातून एकदम अंधाऱ्या दुकानात किंवा देवळाच्या गाभाऱ्यात गेलं की उंबऱ्याशी थांबा, या वयात डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वेळ लागतो, घाईत पहिली पायरी चुकते.

सिमेंट रोडचं तुम्हाला माहीतच आहे, रस्ता उंच आणि कडेचा भाग खाली, ती कड संध्याकाळी करड्यावर करडी असल्यामुळे दिसत नाही. आईला सांगून ठेवा, ऑटोतून उतरायचं तर सपाट जागा पाहून थांबवायचा, रस्त्याच्या कडेला पाय टाकण्याआधी काठीनं खोली बघायची. फिरायला शक्यतो एकच ठरलेली वाट ठेवा, उजाडल्यावर, आणि ती वाट पहिल्यांदा सोबत चालून खड्डे, गट्टूचे उखडलेले भाग, गटाराची झाकणं दाखवून ठेवा.

लांब जायचं तर मेट्रो या कामासाठी मला सगळ्यात बरी वाटते, लिफ्ट आहे, उजेड भरपूर, प्लॅटफॉर्मवर पायाला जाणवणारी पिवळी पट्टी आहे, आणि स्टेशनचं नाव बोलून सांगतात. पहिल्या काही वेळा सोबत जा, सीताबर्डीला लाइन बदलायची प्रॅक्टिस करून घ्या, मग एकटं जाऊ द्या. ७५ नंतर एसटी २०२२ पासून फुकट आहे, ६५ नंतर अर्धं तिकीट, पण बसची पाटी वाचता आली तरच माणूस एकटा गावाला जाईल, त्यासाठीही दूरचा चष्मा नीट हवा.

बाबांची गाडी हा नाजूक विषय आहे. एकदम चावी काढून घेऊ नका. आधी डोळे तपासा, कडेची नजर तपासा, डॉक्टरला त्यांच्यासमोरच विचारा की गाडी चालवू का. पुष्कळदा उत्तर असं येतं की दिवसा चालवा, रात्री आणि पावसात नको, आणि डॉक्टरनं सांगितलेलं ते मान्य करतात.

फोनमध्ये अक्षरं मोठी करून द्या, मराठी टायपिंगऐवजी बोलून मेसेज कसा पाठवायचा ते शिकवा. नोट ओळखता येत नसेल तर रिझर्व्ह बँकेचं मनी नावाचं अॅप आहे, कॅमेऱ्यासमोर नोट धरली की किती रुपयांची ते बोलून सांगतं, भाजी घेताना फसवणूक होण्याची भीती कमी होते.

नजर परत येणार नसेल तर

डॉक्टर म्हणाले की आता यापेक्षा सुधारणार नाही, तरी घरी बसवायचं कारण नाही. लो व्हिजनचे भिंग, लाइटवाले मॅग्निफायर मिळतात, पांढरी काठी घेऊन चालायला शिकता येतं, मोठ्या डोळ्यांच्या दवाखान्यात त्याबद्दल विचारा. सोबत चालताना त्यांचा दंड पकडून ढकलू नका, तुमचा कोपर त्यांना धरू द्या आणि अर्धं पाऊल पुढे चाला, पायरी आली की "वर" किंवा "खाली" सांगा.

आणखी एक, नजर बरीच गेलेल्या काही माणसांना नसलेल्या गोष्टी दिसतात, फुलं, जाळी, अनोळखी माणसं, लहान मुलं. बाहेरचं लागलं म्हणून कोणाकडे नेऊ नका आणि वेड लागलं असंही म्हणू नका, डोळ्यांकडून माहिती कमी आली की मेंदू स्वतःच चित्रं तयार करतो. डॉक्टरला सांगा, आणि त्यांना शांतपणे समजावून सांगा, कितीतरी जण भीतीनं हे लपवून ठेवतात.

वाट न पाहता लगेच निघायचं ते या वेळी: एका डोळ्याची नजर अचानक गेली, डोळ्यासमोर वीज चमकल्यासारखं होऊन काळे ठिपके एकदम वाढले किंवा बाजूनं पडदा ओढल्यासारखं झालं, डोळा लाल होऊन जोरात दुखतो आणि दिव्याभोवती रंगीत वलय दिसून उलटी होऊन राहिली, अचानक एकाचे दोन दिसायला लागले, किंवा मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर दुखणं आणि लाली कमी व्हायच्या ऐवजी वाढून राहिली. अशा वेळी सोमवारची ओपीडी बघत बसायचं नाही, रविवार असो की रात्र, ऑपरेशन केलेल्या डॉक्टरला फोन लावायचा, नाही लागला तर सरळ मेडिकल किंवा मेयोच्या कॅज्युअल्टीत घेऊन जायचं.